दारात उभा राहिलेला नवरा

शेवटच्या दुपारी आम्ही गच्चीत उन्हाला बसलो होतो. मी मटार सोलत होतो आणि बायको कादंबरी मोठ्यानं वाचत होती. कादंबरीतल्या खानावळवालीचा पळून गेलेला नवरा इतक्या वर्षांनी दारात येऊन उभा राहिला, आणि हिनं पुस्तक मिटलं.

"अगं, पुढं? घेते का आत?"

"चहा टाकते आता. उद्या वाचू. आणि दाणे तोंडात टाकू नका, भाजीला उरायचे नाहीत."

उद्या उजाडायच्या आत ती गेली. हृदय बंद पडलं म्हणाले.

मी चौथी शिकलेला माणूस. गलाईचं काम करत, म्हणजे सराफांचं सोनं आटवून शुद्ध करून देत, जयपुरात जन्म काढला. वाचायला घेतलं की ओळ संपेस्तोवर आधीचा शब्द विसरतो. म्हणून वाचायची ती, ऐकायचो मी. त्यात तिच्या आवडीच्या या कादंबरीवर टीव्हीत मालिका आली, आणि बायको रोज भडकायला लागली. "भाकऱ्या थापताना अंगावर पैठणी? थांबा, मूळ काय आहे ते मी वाचून दाखवते," म्हणाली आणि मराठी मंडळाच्या कपाटातून पुस्तक घेऊन आली.

पुस्तकातली बाई मला पटली. एकदम तिखट. दीर फुकट जेवायला आला, वर सगळ्यांच्या आधी ताट मागायला लागला, तर म्हणाली, "ओळीत बसा भाऊजी. आधी आला तो आधी जेवंल." आम्ही दोघं पोट धरून हसलो. टीव्हीतली बाई नुसती रडायची, आणि एकेक आसू तीन-तीनदा दाखवायचे. सोन्यात तांबं घालावं, पण किती? त्याला काही हद्द?

ती गेल्यावर पुस्तकाला मी कुणाला हात लावू दिला नाही. मालिका मात्र बघत राहिलो. बाईनं पुढं काय केलं ते मला कळायला हवं होतं. शेवटच्या भागात तिनं नवऱ्याचे पाय धुतले, ओवाळलं, वरून फुलं पडली. मी रिमोट आपटला. सून धावत आली.

"ते पुस्तक आण. खरं काय ते वाच."

सून मराठी घरातलीच, पण इथं जन्मलेली. अडखळत वाचते. नवरा दारात आला. बाई मुकाट्यानं बाजूला झाली, त्याला पाण्याचा तांब्या दिला. संपलं.

"मधलं गाळू नकोस."

"गाळत नाहीये, बाबा. मतलब, एवढंच आहे."

"ही बाई गप्प बसणारी नाही. ते भाऊजीचं काढ, ओळीत बसायचं."

तिनं मागची पानं चाळली. भाऊजी होता. जेवून गेला होता. बाई त्याला अवाक्षर बोलली नव्हती.

"आईंनी आपल्या मनाचं जोडलं असेल," सून हळूच म्हणाली.

असा राग आला! मालिकावाल्यांचा आला, लिहिणाऱ्याचा आला, आणि बायकोचा सगळ्यांत जास्त. स्वतः पदरचं घालून वाचायची आणि वर टीव्हीवाल्यांना शिव्या द्यायची. बरं, घातलंस तर घातलंस, मग शेवटाचंही घालून जायचं होतं. 'उद्या वाचू' म्हणाली ती तेच जुळवायला की काय, कोण जाणे. मला तोच शेवट हवा होता. टीव्हीतला नको, छापलेला तर त्याहून नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कणीक मळत होती. मी स्टूल ओढून बसलो आणि तिला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, हिनं मला सांगितली तशी. दिराला ओळीत बसवलं तिथं ती खुदकन हसली. सांगता सांगता नवरा दारात आला.

"फिर? पुढे काय केलं तिनं, बाबा?"

"पुढचं तुझ्या सासूनं सांगितलं नाही," म्हणालो, आणि दूध आणायला गेलो.