बावीस की चोवीस?

सायकलींचा माझ्या बायकोच्या मामांइतका सखोल अभ्यास केलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नाही, आणि इतका अभ्यास करून सायकल न घेतलेला तर कुठेच झाला नसेल. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तशा मामा वर्षानुवर्षं सायकली बघत होते. बावीस इंची की चोवीस, हा त्यांचा प्रश्न. पेणचा दुकानदार ‘चोवीस’ म्हणाला की गाडी पकडून ते रोह्याला जात आणि तिथला ‘बावीस’ म्हणाला की समाधानाने परतत. दोघांचं एकमत झालं असतं तर मामांचं कठीण होतं. शिंप्याच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता. “तो पँटचं माप घेतो, पायाचं नाय,” म्हणून ते गणपतीच्या कारखान्यात जाऊन मूर्तिकारापुढे ताठ उभे राहिले. त्याने त्यांना खालीवर निरखलं आणि म्हणाला, “मामा, तुमची मूर्ती बैठीच बरी.”

मामी सरकारी दवाखान्यात नर्स. मिठागरांकडच्या वस्त्यांवर बाळंतिणींना बघायला त्या उन्हातान्हात पायी जात. अखेर गुडघे बोलू लागले, तेव्हा एके रविवारी त्या स्वतः मामांबरोबर रोह्याला गेल्या. दुकानदाराने वैतागून एक सायकल रस्त्यावर काढली. “घ्या, मारा एक चक्कर!”

मामा दोन पावलं मागे सरले. “मला कुठे येते?”

“अवो, मग इतकी वर्षं काय बघत होतात?” मामींनी कपाळाला हात लावला.

“मापाची मिळाली की येईल आपोआप,” मामा म्हणाले. मग हळूच, “तुला मागे बसवून न्यायचं गो. पडलीस तर?”

कोपऱ्यातली लेडीज सायकल मामींनी ओढून काढली, पदर खोचला आणि बाजारातून झोकात एक फेरी मारून आल्या. ट्रेनिंगला असताना शिकलेल्या! तिचं माप मामांनी विचारलंसुद्धा नाही.

पुढे पेणमध्ये ते दृश्य नेहमीचं झालं. पुढे मामी, मागे कॅरियरवर छत्री उघडून बसलेले मामा, आणि त्यांचा सल्ला, “डावीकडे म्हैस हाय, म्हैस!” वस्तीवर पोचलं की मामी आत जात आणि मामा बाहेर सायकल पुसत बसत.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामी निवृत्त झाल्या, तरी बाजाराला सायकलनेच जातात. परवा मी अंगणात उभा होतो. त्यांनी सायकल काढली, सीटवर बसल्या, एक पाय जमिनीला टेकून क्षणभर थांबल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, “बसलात ना?”

मग पायडल मारलं.