भिवराआजीच्या चंचीतली गोळी

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी माझी छाती बिघडली, आणि तिचं कारण माझ्याआधी साऱ्या घाटंजीला कळलं. देव्हाऱ्यातले मरीआईचे टाक मी माझ्या हाताने नदीत सोडले होते. आता माय कोपली, असं जिनिंगच्या कारखान्यात माझ्याबरोबर कापूस निवडणाऱ्या बाया तोंडावर म्हणत. सगळ्यांत ठाम होती भिवराआजी. आमच्याच वस्तीतली, दीक्षा न घेतलेली, मरीआईच्या ठाण्यावर बसणारी म्हातारी. "मायले पान्यात सोडलं, आता ते तुले सोडन काय?" असं तिने एकदा चार बायांत विचारलं. त्या दिवसापासून तिच्या सावलीचाही मला संताप येई.

छातीत दोन ठोके नीट पडत, मग काहीच नाही, मग एकदम चार-पाच घाईघाईने. डोळ्यांपुढे अंधारी येई. अशा वेळी माझे हात आपोआप मरीआईकडे जोडले जात आणि मी ते ओढून खाली घेई. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाते असं त्रिशरण रोज म्हणत होते, पण ते जगाला ऐकवण्यासाठी. मनाला कुठेच आधार नव्हता. बाजारातल्या डॉक्टरांकडे वर्षभर गेले. ते मला ओसरीच्या खाली उभं करत, जीभ दाखवायला सांगत आणि लाल औषधाची बाटली पायरीवर ठेवत. वर्षभरात त्यांनी माझ्या मनगटाला एकदाही बोट लावलं नाही. बोट लावल्याशिवाय माझा आजार कळणारच नव्हता, हे मला पुढे समजलं.

शेवटी नवऱ्याने मला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत बराच वेळ धरून ठेवला. मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजायचे का हो तुमचे?" सुजायचे. त्या म्हणाल्या, "तेव्हाच हृदयाला धक्का बसला. आता त्याचा ताल चुकतोय. कुणाचा कोप वगैरे काही नाही." मला रडू आलं, पण तेही रागाचंच. त्यांनी क्विनिडीन नावाची गोळी आधी एकच देऊन पाहिली, आठ दिवस नजरेखाली ठेवलं. कडू जहर गोळी, पोटात ढवळायचं, कानात आवाज यायचा. पण सहाव्या दिवशी ठोके एकामागे एक, सारख्या अंतराने पडू लागले. "एकही गोळी चुकवायची नाही," असं बाईंनी बजावलं.

दोन महिन्यांनी चुकली. दवाखान्यातला साठा संपला. नागपूरहून येतील तेव्हा येतील, असं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी, आठवडी बाजारात भर दुपारी, ती जुनी फडफड पुन्हा सुरू झाली. पाय लटपटले आणि मी जिथे बसले तो नेमका मरीआईच्या ठाण्याचा ओटा होता. भिवराआजी पुढे आली. अंगारा लावते असं समजून मी तिचा हात झटकला.

"काहून झटकतं व? तोंड पाह्य, कसं काळं पडून राह्यलं," ती म्हणाली.

"माह्या गोळ्या सरल्या. तुमचा अंगारा मले नाही पाहिजे."

"कोनत्या गोळ्या?"

मी नाव सांगितलं. मग कमरेची पानाची चंची सोडून तिने कागदाची पुडी काढली. दवाखान्याची तीच पुडी, तेच नाव, डॉक्टरीणबाईंचंच अक्षर. "मले बी हेच हाय," ती म्हणाली. "दोन वर्स झाले."

बरं वाटण्याऐवजी मी पेटले. "मंग मले कायले म्हनत होत्या माय कोपली म्हनून? सवता गोळ्या खात होत्या, अन् मले कोप सांगत होत्या."

तिने मान खाली घातली. "तुह्यावर राग होता माहा. तुमी सारे गेले, म्या एकटी राह्यली ठान्यावर. तुहं बी हेच हाय, हे मालूम नव्हतं मले. तुहा हात कोनी धरला होता? म्या बी नाही धरला." मग पुडी माझ्या ओंजळीत रिकामी केली, त्यातल्या दोनच स्वतःला ठेवल्या. "घे. तुहे लेकरं लहान हायेत."

मी घेतली. माझ्या रागाला तिच्या हातून घेणं त्या गोळीहून कडू होतं.

सातव्या दिवशी नागपूरचा माल आला. तोवर त्याच गोळ्यांनी मला धरून ठेवलं. आजीने मात्र ते दिवस अंथरुणावर काढले. आम्ही दोघी एकाच मोटारीने यवतमाळला गेलो, आणि गोळ्या वाटून घेतल्याबद्दल बाई आम्हा दोघींवर चांगल्याच रागावल्या. आजी म्हणे, मायनेच तुले ओट्यावर आनून बसवलं. मी म्हणे, पाय गळाले म्हणून बसले. हा वाद ती गेली तोवर मिटला नाही.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. बाजारातल्या डॉक्टरांच्या त्या ओसरीखालून जाताना तो आजही उठतो, आणि उठावाच. पण त्या बाजारच्या दिवशी संध्याकाळी बुद्धवंदनेला बसले, तेव्हा मन कुणाशीच भांडत नव्हतं. कुणाच्या हातून आलं, कुणी पाठवलं, हे ठरवायचा हट्ट तेवढा सुटला होता. मिळालं ते मी घेतलं. शरण जाणं याहून मोठं असेल. मला एवढंच जमलं, आणि तेवढ्यावर मी जगले.