दिवाळीतला बर्फ

योगराज बोरसे यांचा आवाज मोठा होता, कारण त्यांची उमेदीची वर्षं लूमवर गेली होती. शेजारी-शेजारी माग धडधडत असतील तिथे हळू बोलणारा माणूस मुकाच ठरतो. पुढे ते सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात पंख्याखाली बसू लागले, तरी आवाज तसाच राहिला. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत ते जेवताना बायकोला मीठ मागत, तेव्हा आज प्रमिलाबाईंची भाजी अळणी झाली आहे हे तीन घरांना कळायचं.

ती खुर्ची त्यांना इंग्रजीमुळे मिळाली होती. लूमच्या मालकाचा मुलगा महेशभाई याने ऑफिस उघडलं आणि इंग्रजी पत्र लिहिता येणारा माणूस कारखान्यात शोधला. अमळनेरकडच्या शाळेत मास्तरांचा मार खाऊन शिकलेलं व्याकरण योगराजभाऊंना असं कामी आलं. आधी रेल्वेची तिकिटं असत. शहाण्णव साली महेशभाईंनी भिंतीवर पांढऱ्या डोंगराचं चित्र लावलं आणि परदेशच्या सहली सुरू केल्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते धनसुखभाई, साड्यांचे व्यापारी. त्यांच्या मार्केटमधलं एक कुटुंब आल्प्सला जाऊन बर्फावर घसरून आलं होतं, तेव्हा आता यांनाही घसरायचं होतं. घरात माणसं अकरा. त्यांतला एकही आजवर घसरला नव्हता. आई चंचळबा सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या. बायकोला उंचावर चक्कर येई. मुलं नजरेसमोर हवीत, स्वयंपाकाचे महाराज बरोबर येणार म्हणून स्वयंपाकघर हवं, आणि ज्यांना घसरायचं नाही त्यांनी दिवसभर करायचं काय, याचंही उत्तर हवं.

महेशभाईंनी योगराजभाऊंना बोलावून सांगितलं की हे घर खूश होऊन परत आलं तर परदेशचं काम चालेल. नाही तर पुन्हा रेल्वेची तिकिटं, आणि त्याला दुसरा माणूस लागत नाही. म्हणजे पुन्हा लूम. योगराजभाऊ बरं म्हणाले. ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

दोन गावं निवडीत उरली. त्यांची नावं कोणालाच म्हणता येत नसल्यामुळे ऑफिसात त्यांना खालचं गाव आणि वरचं गाव म्हणत. वरच्या गावात बारा महिने बर्फ होता, पण उतार छातीत धडकी भरवणारे, हवा विरळ, आणि हॉटेलपासून बर्फापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. खालच्या गावात शिकणाऱ्यांसाठी कुरणासारखा पसरट उतार होता, लहान मुलांना बसून घसरायला लाकडी गाड्या होत्या, न घसरणाऱ्यांना सपाट पायवाटा, आणि तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं, चहा घ्यायचा, परत यायचं, अशी सोय. खोल्यांना स्वयंपाकघर होतं.

योगराजभाऊ कसून निवड करत होते. माहितीपत्रकाचा कागद ते अंगठ्याने चोळून बघत, कापड बघतात तसा. फॅक्सवर फॅक्स पाठवून त्यांनी उतार किती ते विचारलं आणि तो तापीच्या ओवाऱ्यापेक्षा, म्हणजे नदीच्या घाटापेक्षा, जास्त नाही याची खात्री करून घेतली. बूट भाड्याने मिळतात का, पडल्यावर उठवायला माणूस असतो का, दही मिळतं का, हे सगळं विचारलं. खालचं गाव ठरलं. त्याच पत्त्यावर सगळ्यांचे व्हिसा निघाले.

एक गोष्ट त्यांनी विचारली नाही. दिवाळीत तिथे बर्फ असतो का?

यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. सुरतेचा बाजार दिवाळीला बंद होतो आणि लाभपाचमीला उघडतो. सुरतेचा माणूस फिरायला जातो तो त्याच दिवसांत, मग जग कुठल्याही ऋतूत असो. त्यात योगराजभाऊ खानदेशचे. त्यांच्या गावी दिवाळीच्या पहाटे उटणं लावताना दात वाजतात. आपल्याकडे एवढी थंडी, तर तिथे काय असेल, असा त्यांचा हिशेब होता.

निघायला थोडे दिवस उरले असताना हॉटेलचा फॅक्स आला. आपली वाट बघतो आहोत. बर्फ डिसेंबरात पडतो, त्यामुळे त्या आठवड्यात पाळणे दुरुस्तीसाठी बंद राहतील. मात्र चालायला हवा फार छान असते.

महेशभाईंनी तो वाचला आणि गप्प बसायला सांगितलं. तिथे गेल्यावर म्हणता येईल की यंदा पडला नाही. बर्फ काही आपण पाडत नाही.

योगराजभाऊ घरी आले. पुढचं संभाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"तठे बरफ नही शे," ते म्हणाले.

"मंग काय शे?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"गवत."

"गवत ते आपला गावमां बी शे." आणि त्यांनी पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी ते तिकिटं द्यायला धनसुखभाईंच्या बंगल्यावर गेले. तोपर्यंत त्यांचं ठरलं होतं. धनसुखभाईंना बाजूला घ्यायचं, त्यांच्या एकट्याच्या कानावर घालायचं, वरच्या गावात जायचं असेल तर तेही बघू म्हणायचं, आणि पुढे जे होईल ते. त्यांनी धनसुखभाईंना खिडकीपाशी नेलं आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे कुजबुजले.

"त्या गावात दिवाळीत बर्फ नसतो."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. जिन्यावरून मुलं उतरली. देवघरातून चंचळबा माळ हातात घेऊनच बाहेर आल्या आणि हिंडोळ्यावर बसल्या.

"भाई, बरफ छे के नथी?"

"नीचे नथी, बा. उपर छे. ट्रेनमां जवाय, सांजे पाछा अवाय," योगराजभाऊ म्हणाले. म्हणजे ट्रेनने वर जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

"तो नीचे शुं छे?"

"घास."

चंचळबांनी घरातल्या एकेकाला विचारलं की घसरायचं कोणाला होतं. सुनेने सांगितलं, ती मुलांसाठी तयार झाली होती. मुलं पप्पांसाठी. धनसुखभाई म्हणाले की आईला एकदा बर्फ दाखवावा असं मनात होतं. बा म्हणाल्या, मुलगा जन्मभर दुकानात बसला, एकदा घसरू दे बिचाऱ्याला, म्हणून त्या हो म्हणाल्या होत्या. हिंडोळ्याची कडी वाजत राहिली.

"मने तो घास फावशे," बा म्हणाल्या. गवतच त्यांना सोयीचं होतं. त्यावर चादर तरी अंथरता येते.

धनसुखभाईंनी तिकिटं घेतली आणि योगराजभाऊंना दारापर्यंत पोचवलं. चहा विचारला नाही. सुरतेत चहा न विचारणं म्हणजे काय, हे योगराजभाऊंना माहीत होतं. परतताना ते जुन्या कारखान्यावरून गेले आणि आतला आवाज ऐकत जरा वेळ थांबले.

दिवाळीला ते गावी गेले. पहाटे अंगणात शेकोटीपाशी बसून त्यांनी आईला सांगितलं की कदाचित पुन्हा लूमवर जावं लागेल. अंगणापलीकडे गवतावर दव पडलं होतं, पांढरं, उन्हं येईपर्यंत टिकणारं. आईने विचारलं, तिथे पगार कमी का. ते नाही म्हणाले. मग झालं तर, असं म्हणून ती चुलीकडे गेली.

लाभपाचमीनंतर धनसुखभाई फोटोंचा अल्बम घेऊन ऑफिसात आले. महेशभाई खुर्चीतून उठून उभे राहिले. योगराजभाऊ आधीपासूनच उभे होते.

बहुतेक फोटो गवताचे होते. रविवारी संध्याकाळी डुमसच्या रस्त्याकडेला चादर पसरून सुरतेची घरं जेवायला बसतात, तशी ही अकरा माणसं आल्प्समध्ये रस्त्याकडेला बसली होती. मधे थेपल्यांचा डबा, मागे गाई. एक दिवस सगळे ट्रेनने वर गेले होते. तिथल्या फोटोत चंचळबा वाटीत बर्फ घेऊन उभ्या होत्या. फ्रिजमध्ये जमतो तसाच आहे, फक्त इथे खरवडावा लागत नाही, असं त्यांचं मत पडलं. धनसुखभाई स्टेशनबाहेर पाय ठेवताच पाठीवर पडून बरेच दूर गेले होते. घसरणं तेवढ्यात उरकलं.

पुढच्या दिवाळीला मार्केटमधली चार घरं जाणार आहेत, त्यांनी सांगितलं, त्याच खालच्या गावी. पण बोलणी या भाईनेच करायची. याचं एक बरं आहे, ते म्हणाले, याला काही लपवायचं म्हटलं तरी आवाज साथ देत नाही.

महेशभाईंनी चहा मागवला. योगराजभाऊ खुर्चीत बसले.

तेव्हापासून दर वर्षी ते लोकांना खालच्या गावी पाठवत आले. तिथे बर्फ नसतो हे आधीच सांगत, पूर्ण आवाजात. लोक तरीही जात. एकदा महेशभाई म्हणाले, या वेळी ग्रुपबरोबर तुम्हीच जा. योगराजभाऊंनी विचार केला. पण आईकडे जायला त्यांनाही तेवढेच दिवस मिळत.

त्या वर्षीही ते भुसावळ पॅसेंजरने गावी निघाले. समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, काय करता?

"लोकांना बर्फाच्या गावाला पाठवतो."

"बर्फ असतो का तिथे?"

"नाही," योगराजभाऊ म्हणाले, आणि अख्ख्या डब्याने वळून पाहिलं.