बगळ्यांचा दीड सीझन

आमची टीम जगली दीड सीझन. एवढ्या वेळात कप मिळाला नाही, आणि लीगची वेबसाईट तर टीमच्याही आधी बंद पडली. पण किस्से? ते इतके साठलेत की इंग्लंडमध्ये, मेडनहेडला मिलिंदच्या किचनमध्ये आम्ही चहाला बसलो की संध्यावहिनी आधीच सांगून टाकतात, "बेसबॉल काढायचा असेल तर गार्डनमध्ये जा. परवा शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना म्हणून!"

भांडणं नसतात हो. संताप असतो. अजून उतरलेला नाही.

मिलिंद गजभिये म्हणजे संध्यावहिनींचा नवरा. मूळचा नागपूरचा, इथे हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर. आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. मी अविनाश, अमरावतीचा, नोकरी सॉफ्टवेअरची. मी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसून तो बॉल घेणारा. तिसरा निखिल, जन्म इथलाच, लंडनजवळच्या इल्फर्डचा, वय चोवीस, शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. वहिनी स्कोअर लिहायच्या. आणि आमचा कोच टेरी, लीड्सचा रिटायर्ड पीई टीचर.

मिलिंद आणि मी दोघंही कॉलेजात बेसबॉल खेळलेलो. आमच्याकडे विदर्भात हा खेळ खेळतात, हे इथे कोणालाही पटत नाही. पण चार टीम्सची पगारी लीग निघाली, आम्ही ट्रायल दिली आणि सिलेक्ट झालो. टीमचं नाव हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. पांढरी पँट घालून मिलिंद आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नाव बरोबर ठेवलं बे."

तेवढंच एक बरोबर होतं!

* * *

पहिला राग वर्तमानपत्राचा.

आमच्या गावातल्या छोट्या साप्ताहिकात टीमची बातमी आली. पाव पान, फोटोसकट. हेडिंग काय, तर 'गावाला मिळाली स्वतःची राऊंडर्स टीम!'

राऊंडर्स म्हणजे इथल्या प्रायमरी स्कूलमध्ये पीईच्या तासाला मुलं खेळतात तो प्रकार. ऑफिसमध्ये माझ्या डेस्कवर कोणीतरी ते कात्रण चिकटवलं. खाली लिहिलं होतं, 'आईने डबा दिला का?'

संध्यावहिनींनी एडिटरला पत्र लिहिलं. साधंसुधं नाही, दोन पानी. ही माणसं कोण आहेत, किती वर्षं खेळतात, बॉल किती वेगाने येतो, तो अंगावर बसला तर काय होतं. सगळं. शेवटी, 'कृपया करेक्शन छापावं.'

पुढच्या आठवड्यात करेक्शन छापून आलं. 'आमच्या बातमीत चूक झाली. हा खेळ राऊंडर्स नसून बेसबॉल आहे. बेसबॉल हा राऊंडर्सचा अमेरिकन प्रकार आहे.'

* * *

परागचं तर आठवलं की अजून डोकं फिरतं.

पराग पुण्याचा, माझ्याच ऑफिसमधला. ट्रायलमध्ये त्याने मारलेला एक बॉल मैदानाबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन पडला. टेरी नुसता बघत राहिला. पण पराग वर्क व्हिसावर होता, आणि त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळता येत नाही. मिलिंदचा आणि माझा पासपोर्ट इथला झालेला, म्हणून आम्ही सुटलो.

पराग म्हणाला, "मला एक पेनी नको. फुकट खेळतो."

तरी विचारून घ्यावं म्हणून आम्ही सॉलिसिटरकडे गेलो. टाय लावलेला, हळू बोलणारा माणूस. त्याने सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "मानधनाचा प्रश्न नाही. तुम्ही प्रोफेशनल दर्जाचे आहात की नाही, हा प्रश्न आहे. तुम्ही पुरेसं वाईट खेळलात तर आपल्याला काहीतरी आर्ग्युमेंट करता येईल."

पराग बिचारा वहीच काढून बसला होता. त्याने गंभीरपणे विचारलं, "किती वाईट?"

तो एकही मॅच खेळला नाही. दीड सीझन बाउंड्रीबाहेर घडीच्या खुर्चीत बसून आम्हाला शिव्या घातल्या त्याने. आणि त्या मात्र अगदी प्रोफेशनल दर्जाच्या!

* * *

मग जर्सी आल्या.

पाठीवर प्रत्येकाचं आडनाव छापायचं होतं. क्लबचा मॅनेजर मिलिंदला म्हणाला, "तुझं नाव जरा लांब आहे, मेट. लोकांना म्हणता येणार नाही. आपण 'गॅरी' करू या का?"

मिलिंद शांत माणूस. पेशंटशी बोलतो तशाच आवाजात म्हणाला, "माझ्या आजोबांना हे आडनाव ऐकून शाळेत दाराबाहेर बसवलं होतं. ते दाराबाहेर बसून शिकले, पण त्यांनी नाव बदललं नाही. मी एका शर्टसाठी बदलू? पूर्ण छापा, नाहीतर पाठ कोरी द्या."

त्यांनी कोरी दिली!

तीन मॅचेस मिलिंद कोऱ्या पाठीने खेळला. माईकवरचा माणूस म्हणायचा, "आणि आता बॉल टाकतोय... अं... आपला पिचर."

यात राग कशाचा? 'गजभिये' इंग्रजीत लिहिलं तर आठ अक्षरं होतात. आमच्या राईट फील्डला एक भला मुलगा होता, फेदरस्टोन-कार्मायकेल. बावीस अक्षरं आणि वर एक डॅश! ते नाव या काखेपासून त्या काखेपर्यंत कमान करून छापलेलं होतं. त्यालाच लाज वाटली. तो मॅनेजरकडे जाऊन म्हणाला, "माझी चौदा अक्षरं काढा आणि त्याला द्या. तरी मला आठ उरतील."

चौथ्या मॅचला वहिनींनी स्वतः शिवून नाव लावलं. पूर्ण. लाल दोऱ्याने. पाचशे पावलांवरून वाचता येईल एवढं.

* * *

मैदान आमचं नव्हतंच. क्रिकेट क्लबचा एक कोपरा आम्हाला मिळाला होता.

बेसबॉलमध्ये पिचर उंचवट्यावर उभा राहून बॉल टाकतो. तो मातीचा उंचवटा आम्ही आणि टेरीने एका शनिवारी दिवसभर खपून बनवला. पुढच्या शनिवारी आलो तर जमीन सपाट! क्रिकेटवाल्यांच्या ग्राउंड्समनने रोलर फिरवला होता.

टेरी त्याच्याकडे गेला. ग्राउंड्समन म्हणाला, "मैदानात टेंगूळ आलं होतं. मी बसवलं."

आम्ही पुन्हा बनवला. पुन्हा सपाट. पाच वेळा! मिलिंदची पाठ धरली, माझ्या हाताला फोड आले. निखिल त्याच्या इल्फर्डी मराठीत म्हणाला, "काका, हा माणूस पागल आहे का? रोज रोज आपली डोंगर तोडते!"

शेवटी टेरीने घरून एक पाटी रंगवून आणली. 'कृपया येथे रोलर फिरवू नये.' ती उंचवट्याच्या बरोबर मधोमध ठोकली. पाटीला मान देणारा देश आहे, आम्ही निश्चिंत झालो.

पुढच्या शनिवारी उंचवटा गायब. आणि सपाट जमिनीच्या बरोबर मधोमध, एक इंचही न हलता, सरळ उभी पाटी!

* * *

मैदानावर आम्ही तिघं मराठीत बोलायचो. मिलिंदला मी ओरडून सांगायचो, "बाहेर टाक", "हळू सोड". समोरच्या बॅटरला काय कळणार? निखिललाही निम्मंच कळायचं. त्याच्याकडे बॉल स्त्रीलिंगी आणि बॅट पुल्लिंगी. "बॉल कुठे गेली?" असं तो ओरडला की मला मॅचमध्येही हसू यायचं.

एका टीमने तक्रार केली. म्हणे, हेरन्स परकीय भाषा वापरून अनफेअर फायदा घेतात. लीगचं पत्र आलं, 'फील्डवर फक्त इंग्लिश.'

तक्रार करणाऱ्या टीमचे चार खेळाडू व्हेनेझुएलाचे! मॅचभर आपापसात स्पॅनिश. आम्ही एक शब्द काढला नाही त्याबद्दल. काढायचं कारणही नव्हतं, घरची भाषा आहे त्यांची.

वहिनींनी लीगच्या ऑफिसला फोन केला. स्पीकरवर टाकला. "स्पॅनिश चालतं?"

"चालतं."

"मग मराठी का नाही?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "मॅडम, स्पॅनिश ही बेसबॉलची भाषा आहे."

वहिनी लाल झाल्या. मिलिंद उठून उभा राहिला. मी काहीतरी बोलणार, इतक्यात निखिल फोनकडे वाकून इंग्रजीत म्हणाला, "सर, मी जे बोलतो ती अजून भाषाच झालेली नाही. ती चालेल का?"

* * *

माझी आई त्या समरला आमच्याकडे आली होती. वय अडुसष्ट. सुती साडी, वर माझा जुना फ्लीस, हातात फ्लास्कचा कप. तिला मी पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी पनामा हॅट घातलेले एक गृहस्थ होते.

त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला या खेळाचे नियम माहीत नसतील ना?" आणि उत्तराची वाट न पाहता समजावायला लागले. हा बेस, तो बेस, हा आऊट, तो रन. तीन इनिंग्ज! आई मान डोलावत होती. मधल्या वेळेत मी तिच्याजवळ गेलो तर म्हणाली, "अवी, तुमचा तिसऱ्या बेसवाला फार पुढे उभा आहे. कोणी सांगत नाही का त्याला?"

आई कॉलेजात चार वर्षं सॉफ्टबॉलमध्ये तिसऱ्या बेसवर खेळली आहे. राज्याकडूनही. त्या गृहस्थांना ते कसं ठाऊक असणार? पण विचारायला काय जात होतं?

चौथ्या इनिंगमध्ये एका बॅटरने बॉल उलटा उडवला. उंच गेला आणि थेट प्रेक्षकांत उतरायला लागला. लोक डोकी झाकून वाकले. पनामा हॅटवाले तर खुर्चीखालीच. आईने बसल्या जागेवरून डावा हात वर केला आणि उघड्या तळव्याने बॉल घेतला. उजव्या हातातला चहा सांडला नाही.

सगळं मैदान उभं राहिलं. आईने बॉल पदराला पुसला, त्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "यू वेअर सेइंग?"

* * *

आता आमची शेवटची मॅच.

नॉर्थची टीम आली होती. मिलिंदचा हात त्या दिवशी काही वेगळाच चालत होता. पाच इनिंग्ज झाल्या, सहा झाल्या, समोरच्यांना एकही हिट मिळाली नाही, म्हणजे बॉल मारून कोणालाही बेस गाठता आला नाही. संपूर्ण नऊ इनिंग्ज असं झालं तर त्याला नो-हिटर म्हणतात. लोक आयुष्यभर खेळतात आणि त्यांना तो बघायलाही मिळत नाही. अशा वेळी त्याबद्दल कोणी बोलायचं नसतं, म्हणून आमच्या बाकावर सगळे गप्प होते. वहिनी स्कोअरबुकमधून डोकं वर काढत नव्हत्या.

सातव्या इनिंगला अंपायरचा फोन वाजला. त्याने ईमेल वाचला, दोन्ही कॅप्टन्सना बोलावलं आणि म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. लीग आज बंद झाली. म्हणजे, आत्ताच झाली."

टेरी म्हणाला, "ठीक आहे, मॅच तरी संपवू."

"इन्शुरन्स नाही. मी उभा राहू शकत नाही. आणि बेस लीगच्या मालकीचे आहेत." असं म्हणून तो खरोखर एक-एक बेस उचलायला लागला. प्रत्येक बेस उचलताना "सॉरी" म्हणत होता. दीड वर्ष आम्ही घाम गाळला आणि यांना संध्याकाळपर्यंत थांबता आलं नाही! मिलिंद हातात बॉल घेऊन तसाच उभा होता.

तेव्हा नॉर्थच्या टीममधला एक धिप्पाड माणूस पुढे आला. डेव्ह त्याचं नाव, धंद्याने प्लंबर. त्याने आपलं जॅकेट काढलं, चौकोनी घडी घातली आणि पहिल्या बेसच्या जागी ठेवलं. त्याच्या दोन मित्रांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपापली ठेवली. मग डेव्ह मिलिंदला म्हणाला, "टाक. आम्ही कुठे जात नाही."

अंपायर नाही, लीग नाही. आऊट की नॉट आऊट ते आम्हीच आपसात ठरवत होतो. सातवी संपली. आठवी संपली. नववीत दोघं आऊट झाले. राहिला एक. आणि बॅट घेऊन आला डेव्हच.

त्याने तिसरा बॉल मारला. जमिनीवरून, हळू, निखिलकडे. निखिलने पळत येऊन उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. धावणाऱ्याच्या आधी बॉल पोचला तर तो आऊट, नाहीतर हिट. डेव्ह जीव तोडून धावत होता. कॅचरने अशा वेळी पहिल्या बेसमागे पळायचं असतं, तसा मी पळालो. मी चार पावलांवर होतो. आधी डेव्हचा बूट जॅकेटवर पडलेला पाहिला. बॉल पहिल्या बेसवाल्याच्या ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज त्यानंतर ऐकला.

सगळे डेव्हकडे बघत होते. डेव्ह कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. त्याने खाली जॅकेटकडे पाहिलं. मग मिलिंदकडे पाहिलं.

"आऊट," तो म्हणाला. "फुटाने आऊट."

आणि त्याने जॅकेट उचललं, झटकलं आणि चालायला लागला.

सगळे मिलिंदवर तुटून पडले. निखिल रडत होता, टेरी रडत होता. त्या गर्दीतून सुटून मिलिंद माझ्याकडे आला, माझी कॉलर धरली आणि हळूच विचारलं, "अव्या, तू जवळ होता. खरं सांग. आऊट होता ना तो?"

मी म्हणालो, "फुटाने."