नाळेवरची शिडी

आमच्या हिरूकाकाचा इंजिनवर भरवसा नाही, म्हणून डहाणूच्या आमच्या काठाला आज एकट्या त्याच्याच होडीवर शीड उरलंय. शिडावरही पुरता भरवसा नाही, म्हणून इंजिनही आहे. बर्फवाला वजनात मारतो, मोबाईलवरचं हवामान कुणाच्या तरी सोयीनं सांगतात, आणि मी चहाला गेलो की काहीतरी मागायलाच आलोय, असं त्याला वाटतं. मी सख्खा पुतण्या आहे. बायजीकाकीनं या माणसाबरोबर चाळीस वर्षं कशी काढली, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दोन वर्षांपूर्वी काकाचे गुडघे दुखायला लागले. खाडी गाळानं भरत चाललीय. ओहोटीला होड्या काठाकडे तोंड करून चिखलात बसतात. मागून चढायचं तर कमरेएवढा चिखल, पुढून घोट्याएवढा. तेव्हा होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, शिडी लावायची असं काकानं ठरवलं.

काकीला ते पटलं नाही. नाळ म्हणजे होडीचं कपाळ. नारळी पुनवेला तिथं कुंकू लावून नारळ वाढवायचा आणि रोज तिथूनच चिखलाचे पाय न्यायचे? ती एकदाच बोलली. काकानं ऐकलं नाही, तेव्हा गप्प बसली. ती गप्प बसली याचाही काकाला संशय आला.

शिडी निवडायला त्यानं दोन महिने घेतले. तलासरीच्या दुकानात विपुलशेठनं स्टीलची घडीची शिडी दाखवली. परदेशात शिडाच्या बोटींवर पुढूनच चढतात म्हणून मोबाईलवर फोटोही दाखवले. काकानं खिशातून लोहचुंबक काढून शिडीला लावलं. शिडीत गंजणारं लोखंड असेल तर चिकटेल, असा त्याचा हिशेब. चिकटलं नाही, तर म्हणाला, चुंबकच बिघडलं असेल. दोराची शिडी पाहिली, ती झुलते म्हणून नाकारली. पण खरी अडचण वेगळीच होती. परत येताना तो मला हळूच म्हणाला, "जी शिडी मला वर नेल, ती दुसऱ्यालापण नेल."

म्हणजे त्याला फक्त त्यालाच चढता येईल अशी शिडी हवी होती. अशी शिडी कुठं मिळते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी ती झरीच्या जीवन सुतारानं केली. चिकूच्या वाड्यांना शिड्या करून देणारा हा माणूस. सागाच्या सात गोल पायऱ्या, त्यांतल्या सहा पायऱ्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या. खालून तिसरी मात्र काकानं मुद्दाम सैल ठेवायला लावली. दिसायला बाकीच्यांसारखीच, पण पाय ठेवला की खोबणीत गरकन फिरायची. जीवननं विचारलं होतं, "कोन पडला तं, काका?" काका म्हणाला, पडायलाच पाहिजे, मी ती ओलांडून चढेन. हे मला जीवनकडून फार उशिरा कळलं. तेव्हा काकाखेरीज काठावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठवडाभरात काकी लंगडायला लागली. वाणगावच्या स्टेशनवर टोपलीसकट पाय घसरला म्हणाली. काकानं तिला पाणी गरम करून दिलं नाही, उलट वाणगावला तिचं काय काम होतं ते दोनदा विचारलं.

मग एक दिवस त्याला नाळ धुतलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तिथं कुंकवाचं बोट. काका हादरला. कुणीतरी होडीवर येऊन करणी करतंय, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. आणि तो जो कोणी असेल तो शिडीवरून पडला कसा नाही? शेजारच्या होडीच्या रामावर त्याचा संशय गेला, कारण त्या महिन्यात रामाला मासळी कमी लागली होती. काकानं त्याच्याशी बोलणं टाकलं. करणी उतरावी म्हणून विवळवेढ्याला महालक्ष्मीला नारळ वाहून आला. नारळाची पिशवी काकीनं धरली होती.

कुंकू थांबलं नाही.

गेल्या पौषातली गोष्ट. भर दुपारची ओहोटी होती, मी काठावर जाळं शिवत होतो. काकी पलीकडे बोंबील वाळत घालत होती. काका एकटाच होडीवर शीड उतरवत होता. दोर सुटला, शिडाची आडवी काठी खाली आली आणि त्याचा हात काठी आणि डोलकाठीच्या मध्ये चेंगरला. असा ओरडला की मी सुई टाकून उठलो. पण सगळ्यात आधी काकी पोचली, तिच्यामागे रामा.

तिनं शिडीला हात घातला. काकाचं तोंड उघडं होतं. सांगितलं तर अख्ख्या काठाला कळणार, न सांगितलं तर ती पडणार. मला वाटलं तो कळ सोसतोय.

काकीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला, लुगडं आवरलं आणि थेट चौथी गाठली. वर पोचल्यावर मागे वळून म्हणाली, "रामा, तिसरीवर पाय नको देऊस. ती फिरते."

मी शिडीशी पोचेपर्यंत दोघांनी मिळून काठी उचलली, हात मोकळा केला. दोन बोटं काळीनिळी झाली होती. काका बोटांकडे पाहत नव्हता, काकीच्या घोट्याकडे पाहत होता.

"वाणगावला न्हवतीस पडली तू," तो म्हणाला.

"न्हाय. तुमी जेवून झोपलात की येते. तुमचे पाय पडतात तिथं, म्हणून नाळ धुते, कुंकू लावते."

मला तेव्हा काकाचा राग आला आणि दयाही आली.

हात बरा व्हायची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी त्यानं डाव्या हातानं तिसऱ्या पायरीला दोन्हीकडून खिळे ठोकले. मग काकीला बोलावलं. तिच्यासमोर त्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला, दुखऱ्या गुडघ्यांनी वरखाली दाबून दाखवलं. पायरी हलली नाही.

"बघ," तो म्हणाला. "पक्की आहे."

काकीनं पाहिलं. मान हलवली. पाण्याचा तांब्या आणि कुंकवाची डबी घेऊन शिडीशी गेली, आणि तिसरी पायरी सोडून वर चढली.