धूळ न उडालेला चेंडू

सॉफ्टबॉलमधला एक नियम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून सुरू झालं. झालं माझ्यामुळेच, नियम फक्त निमित्त होता. बॅटरचा तिसरा स्ट्राइक झाला, म्हणजे तिसऱ्यांदा चेंडू हुकला, की ती बाद, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण तो चेंडू मागे बसलेल्या कॅचरने हवेतच पकडायला हवा. तो आधी जमिनीला टेकला किंवा ग्लोव्हमधून सुटला, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा संघातल्या दोघी आधीच बाद झालेल्या असल्या, तर बॅटरला पळता येतं. चेंडूच्या आधी ती पहिल्या बेसवर पोचली की सेफ. चुकलेल्या मुलीला, समोरचीही चुकली म्हणून, मिळालेली आणखी एक संधी. मला हा नियम आवडायचा. अजूनही आवडतो, पण आता तसं कुणाला सांगत नाही.

मी आनंदनगर एमआयडीसीत प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं तपासतो. झाकण गळतं की नाही, एवढंच सांगायचं असतं. रविवारी मी अंपायर असतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात शाळकरी मुलींचे सामने असले की मला फोन येतो. माझी नजर चांगली आहे म्हणून येतो, असं मी बरीच वर्षं समजत होतो. नंतर कळलं की छातीला बांधायचं पॅड स्वतःचं असलेला अंपायर या भागात मी एकटाच आहे.

प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या जागेमागे, उभ्या राहणाऱ्या अंपायरची एक अडचण असते. कॅचर समोर उकिडवी बसलेली. चेंडू खाली आला की तिची पाठ आणि ग्लोव्ह आड येतात, आणि तो नेमका टेकला की नाही ते दिसत नाही. पुस्तकात लिहिलंय, बाजूला सरकून बघा, शंका असेल तर बेसवरच्या अंपायरला विचारा. आमच्याकडे आम्ही धूळ बघतो. आमची मैदानं मुरमाची. त्यांच्यावर सभा होतात, लग्नं लागतात, टेम्पो वळतात, आणि उरलेल्या वेळात खेळ होतो. चेंडू टेकला की धूळ उडणारच. उडाली तर टप्पा, नाही उडाली तर झेल. मला हे माझ्या आधीच्या अंपायरने शिकवलं आणि मी पुढच्यांना शिकवलं. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात उल्हासनगरला फायनल होती, उल्हासनगरची एक शाळा विरुद्ध बदलापूरची एक शाळा. जिंकेल तो संघ पुढच्या स्पर्धेला जाणार होता. स्पर्धा भरवणारे गृहस्थ पडद्यांच्या कापडाचे व्यापारी, सिंधी, खेळाचे भलतेच वेडे. सेमीफायनलच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "शेठ, मुलींच्या डोळ्यांत फार धूळ जाते. फायनलला पाणी मारून घ्या."

"हो जाएगा, साईं. टँकर बोल देता हूँ."

मी आणखी एक गोष्ट सांगितली. बदलापूरच्या संघात माझ्या मेहुण्याची मुलगी खेळते, तेव्हा फायनलला दुसरा अंपायर बघा.

"दूसरा कौन है, सर जी? और पॅड किसके पास है?"

शनिवारी यायचा टँकर रविवारी सकाळी आला. उशीर झाल्याची भरपाई म्हणून त्याने दुप्पट पाणी मारलं. मैदान शेणाने सारवलेल्या अंगणासारखं गडद, बसलेलं दिसत होतं. येणारा जाणारा कौतुक करत होता, मीही केलं. मी मुलींच्या डोळ्यांचा विचार केला होता. माझ्या डोळ्यांचा करायचा राहिला.

शेवटचा डाव. गुण बरोबरीत. बदलापूरची बॅटिंग, दोघी बाद, एक मुलगी तिसऱ्या बेसवर. ती घरी, म्हणजे पळत प्लेटपर्यंत, आली असती तर बदलापूर जिंकलं असतं. बॅटिंगला माझी भाची. दोन स्ट्राइक झालेले. पिचरने टाकलेला चेंडू शेवटच्या क्षणी खाली बुडाला. भाचीने बॅट फिरवली, लागला नाही. कॅचरचा ग्लोव्ह जमिनीशी गेला. मी जमिनीकडे पाहिलं. धूळ नाही. मी मूठ वर केली. आउट.

भाची तोवर बॅट टाकून पळत सुटली होती. ती पहिल्या बेसवर पोचली. तिसऱ्या बेसवरची घरी आली. बदलापूरच्या मुली जिंकलो म्हणून नाचायला लागल्या आणि उल्हासनगरच्या वाचलो म्हणून. दोन्ही संघ एकाच वेळी खूश आहेत असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमच्याकडे झेल घेतला की कॅचरने वळून अंपायरला चेंडू दाखवायचा, अशी पद्धत आहे. कॅचरने ग्लोव्ह उघडला. चेंडू त्याच डावात पाकिटातून काढलेला, नवाकोरा पिवळा. त्यावर ओल्या लाल मातीचा एक ठिपका होता, कुंकू लावल्यासारखा. मी तो पाहिला. मी पाहिला हे तिने पाहिलं.

"सर?" ती हळूच म्हणाली.

अंपायरला आपली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. बेसवरच्या अंपायरला बोलवायचं, दोघांनी बोलायचं, निर्णय बदलायचा. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात जाळीमागून आवाज आला.

"दाजी! ओ दाजी! डोळे उघडा! टप्पा पडलाय टप्पा!"

हा माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, कुळगावला राहतो. घसा दणकट.

"ये दाजी कौन है?" उल्हासनगरच्या बाजूने कुणीतरी विचारलं.

"अंपायर! अंपायर उसका दाजी है!"

"अच्छा, मतलब फॅमिली मॅटर है."

"अरे भाई, साले की सुनो, नहीं तो घर पे रोटी नहीं मिलेगी!"

सगळं मैदान हसलं. मी तोंड मिटलं. त्या क्षणी निर्णय बदलला असता तर तो चिखलामुळे बदलला असं कुणी मानलं नसतं. मेहुण्यामुळे बदलला असंच सगळे म्हणाले असते. मी कॅचरच्या हातातून चेंडू घेतला, पँटला पुसला आणि कमरेच्या पिशवीत टाकला. मग पुन्हा "आउट" म्हणालो, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

भाची बेसवरून उतरेना. मी तिच्यापर्यंत चालत गेलो.

"उतर."

"काका, टप्पा होता."

"इथे सर म्हणायचं."

"सर, टप्पा होता."

"उतर, नाहीतर मैदानाबाहेर काढावं लागेल."

तिच्या शाळेच्या पीटीच्या बाई आल्या आणि तिला दंडाला धरून घेऊन गेल्या. सामना एक डाव वाढला. वाढीव डावात बदलापूर एका गुणाने हरलं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"माझ्या भावाच्या पोरीला आउट दिलंत म्हणे?" बायकोने विचारलं.

"नियमाने दिला."

"मग नियमालाच सांगा चहा टाकायला."

मी स्वतः चहा टाकला. तोही उतू गेला.

तिने शिव्या घातल्या असत्या, मेहुण्याने बोलणं टाकलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. पण झालं उलटंच. दोन दिवसांत माझं कौतुक सुरू झालं. अंबरनाथ पश्चिमेला ज्या दुकानातून आम्ही दूध घेतो, तो दूधवाला म्हणाला, "घरच्या पोरीला आउट दिलात, मानलं." कारखान्यात सुपरवायझरने खांद्यावर हात ठेवला. मी प्रत्येकाला "तसं काही नाही हो" म्हणायचो, आणि त्यामुळे कौतुक आणखी वाढायचं.

मग बायकोकडून कळलं की भाची प्रॅक्टिसला जात नाही. पीटीच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, अंपायरशी हुज्जत घातलीस, बेस सोडला नाहीस. आधी अंपायरची माफी माग, मग संघात ये. भाची म्हणाली, माफी मागणार नाही, टप्पा होता. बाई म्हणाल्या, मग घरी बस. ती घरी बसली. एक पोरगी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानते एवढ्यासाठी तिचा खेळ बंद होता, आणि तिने माफी मागायची होती ती माझी.

मी बाईंना फोन केला. म्हणालो, "बाई, निर्णय चुकला होता. टप्पा पडलेला."

त्या अगदी समजुतीने म्हणाल्या, "सर, भाचीसाठी बोलताय, मला कळतं. मैदानावर तुम्ही नातं आणलं नाहीत, आता कशाला आणता?"

पुढच्या रविवारी मी कुळगावला गेलो. दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या हातात भाचीची बॅट होती. बाल्कनीत गादी वाळत घातली होती आणि त्या ती बॅटने झोडपत होत्या. भाची आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

मी मेहुण्याला म्हणालो, "तू त्या दिवशी ओरडलास ते बरोबर होतं. टप्पा होता."

तो दचकला. उठून त्याने आधी दार लावलं.

"दाजी, हळू बोला. मी सगळ्यांना सांगून बसलोय, आमच्या घरात न्याय म्हणजे न्याय. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा सांगितलंय. आता तुम्ही असं बोललात तर लोक म्हणतील मीच तुमच्यावर प्रेशर आणलं."

"पण पोरीचं काय?"

"पोरीचं काय! सॉरी म्हटल्याने कुणाची जीभ झिजते का?"

आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बहुधा कपाटाचं दार.

त्यानंतरच्या रविवारी उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये बक्षीस समारंभ होता. सगळे संघ, त्यांचे सर, बाई, पालक. मेहुणा सहकुटुंब आला होता. भाचीला त्याने ओढतच आणलं होतं. बक्षिसं वाटून झाल्यावर शेठने माईक हातात घेतला.

"घर की बच्ची को आउट दिया. बोलो, आजकल कौन देता है?"

मला स्टेजवर बोलावलं. शाल घातली. हातात नारळ दिला. सगळ्यांत जोरात टाळ्या मेहुणा वाजवत होता. मग शेठ म्हणाले, "सर जी, दो शब्द."

मी ठरवून गेलो होतो. सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे कुणाला त्यातून दुसरा अर्थ काढता येणार नाही. माझी फक्त सुरुवात चुकली. मी म्हणालो, "मी या सत्काराला लायक नाही."

सत्काराला उत्तर देताना प्रत्येक जण हेच म्हणतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात मी पुढचं बोललो: तो निर्णय चुकीचा होता, चेंडूवर चिखल होता, मी तो पाहिला आणि पँटला पुसला. माझं सांगून झालं तरी टाळ्या चालूच होत्या. शेठने माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "देखो, कितनी नम्रता!"

मी खाली उतरलो. खाली कागदी प्लेटांतून समोसे वाटत होते. भाची स्पीकरच्या अगदी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"काका, तुम्ही चिखल म्हणालात?"

"हो."

"चेंडूवर?"

"हो. टप्पा होता. मी पाहिला, आणि बोललो नाही."

"का?"

"तुझा बाप दाजी म्हणून ओरडला म्हणून."

तिने बापाकडे पाहिलं. मेहुण्याच्या तोंडात समोसा होता. दोन पावलांवर तिच्या पीटीच्या बाई प्लेट हातात धरून उभ्या होत्या.

"मग मी काय होते?" भाचीने विचारलं.

"सेफ."

"असं नाही. खूण करून सांगा."

सेफची खूण दोन्ही हातांनी होते. हात छातीसमोर आणून बाजूला सरळ पसरायचे, तळवे जमिनीकडे. माझ्या एका हातात नारळ होता. तो मी मेहुण्याकडे दिला. पाय फाकवले, थोडा वाकलो आणि हात पसरले. शाल घसरून फरशीवर पडली. "सेफ," मी म्हणालो. मैदानावर म्हणतात तेवढ्या आवाजात म्हणालो, त्यामुळे हॉल गप्प झाला. समोसे वाटणाराही थांबला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "सर, हे भाचीसाठी करताय का?"

"भाची होती म्हणून आउट दिला होता, बाई."

त्यांनी प्लेट खुर्चीवर ठेवली. भाचीला म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. माफीबिफी राहू दे. बॅट आहे ना?"

"आई त्या बॅटने गादी झोडपते."

"मग धुऊन आण."

निकाल बदलला नाही. उल्हासनगरचा संघ पुढच्या स्पर्धेला गेला, बदलापूरच्या बाकीच्या मुली घरीच राहिल्या. त्यांच्यातल्या ज्या त्या दिवशी हॉलमध्ये होत्या, त्यांनी ती खूण पाहिली आणि पुन्हा समोसे खायला लागल्या. त्यांना मी काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साईं, शाल तो उठा लो." मी उचलली, घडी घातली आणि त्यांना परत दिली. त्यांनी ती घेतली.

मेहुणा नारळ धरून तसाच उभा होता. बराच विचार करून तो म्हणाला, "म्हणजे दाजी, त्या दिवशी मी बरोबर होतो."

"होतास."

"मग हा नारळ मी नेतो."