तांदळातलं नाव

'इतिहासाची साधने' हा धडा म्हणजे सातवीची हमखास झोप. ताम्रपट म्हटलं की पहिला बाकसुद्धा आडवा. मुलुंडच्या आमच्या शाळेत मी ताम्रपट आणणार कुठून? मग ठरवलं, घरातलंच काहीतरी न्यायचं. अट एवढीच, की ते त्या वेळचंच हवं आणि बघून मुलांना प्रश्न पडायला हवेत. सासऱ्यांची पत्रं काढली, पण अक्षर असलं गिचमिड की मलाच लागेना. शेवटी लग्नाच्या अल्बममधले दोन फोटो उचलले. साड्या, दागिने, पाहुणे. तास आरामात निघाला असता. आधी नीट बघून घ्यावेत एवढी अक्कल कुठली मला!

पहिल्या फोटोत आमचे हे अंगठीनं ताटातल्या तांदळात माझं नवं नाव लिहितायत. दुसऱ्यात सगळं घर ओळीनं उभं, पुढे चौरंगावर तेच ताट.

"बाई, ह्यात नाव वेगळंच आहे," एक आगाऊ मुलगी म्हणाली.

ते माझं माहेरचं नाव होतं. फोटोवाला सगळ्यांना उभं करत होता, तेवढ्यात मीच बोटानं नवं पुसून ते लिहिलं होतं. आठ वर्षं कुणाला पत्ता नव्हता. सासूबाईंना कळलं असतं तर वाट लागली असती माझी.

"तो आधीचा फोटो असेल," मी दडपून सांगितलं.

"छे! पहिल्यात हार भरलेला आहे, ह्यात अर्धी फुलं गळलीयत. म्हणजे नंतर कुणीतरी पुसलंय."

"कुणी ते दिसतंय की," मागून एकजण ओरडला. "सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, बाई एकट्याच ताटाकडे. हसतायत पण!"

वर्ग खिदळला. ती आगाऊ मात्र फोटोला नाक लावून बसलेली. "एकट्या नाही काही. नवरदेव बाईंच्या बोटाकडे बघतायत."

मी फोटो ओढूनच घेतला.

संध्याकाळी हे साकीनाक्याच्या कारखान्यातून आले, तसा तो फोटो पुढ्यात ठेवला. "अहो, पुसताना बघितलंत ना मला?"

"बघितलं की. म्हणून तर इतकी वर्षं 'अगं'वर भागवतोय. मी दिलेलं तुला नको, आणि तुझं घ्यायला आईपुढे माझी छाती होत नाही."

आणि मी समजत होते, माणूस लाजाळू आहे! रडूही आलं, रागही आला. "मग मारा ना आता एकदा हाक."

ह्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, घसा खाकरला आणि माझ्या नावानं चांगली खणखणीत हाक मारली.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय रे?"

"मीच आलेय, आई," मी म्हटलं.